अणुबॉम्ब नको, अणुछत्र हवं

गेल्या अंकात जपानच्या वाढत्या संरक्षण खर्चावर मी एक परिच्छेद लिहिला होता. त्यात जाता जाता म्हणून गेले की जपानचं परराष्ट्र धोरण समजून घ्यायचं तर जपान स्वतःला कोण समजतो ते आधी पाहा, तिजोरी नंतर. या एका वाक्यावर इतकी पत्रं आली की या वेळचं सदर त्यालाच दिलं आहे. चिडलेली पत्रं मुद्दाम निवडली. नव्या वाचकांसाठी सांगते : मी सांगलीच्या एका कॉलेजात राज्यशास्त्र शिकवायचे आणि मधली काही वर्षं नवऱ्याच्या नोकरीमुळे हिरोशिमात होते. त्यामुळे जपानबद्दल मला मतं जरा जास्तच आहेत, तेवढं धरून चाला.

मॅडम, मी स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. पुस्तकात आहे की राष्ट्रीय ओळख परराष्ट्र धोरण घडवते आणि उदाहरण म्हणून 'शांततावादी जपान' दिलाय. पण जपानचं रक्षण अमेरिका करते. मग शांततावादी राहायला जपानचं काय जातं? हा सरळ स्वार्थ झाला. त्याला ओळख कशाला म्हणायचं?
— एक विद्यार्थी, लातूर

तुझा संशय चांगला आहे, म्हणून आधी तुझीच बाजू पुरती मांडते. जपानची घटना ३ मे १९४७ ला लागू झाली आणि तिचा मसुदा मुख्यतः अमेरिकी लष्करी अंमलातल्या अधिकाऱ्यांनी केला. तिचं कलम ९ म्हणतं की जपान युद्धाचा हक्क कायमचा सोडतो. भूदल, नौदल, हवाई दल ठेवणार नाही. तीन वर्षांत कोरियात युद्ध पेटलं आणि त्याच अमेरिकेने जपानला ७५,००० माणसांचं दल उभारायला लावलं. नाव दिलं 'राखीव पोलीस'. १९५४ मध्ये त्याचं 'स्वसंरक्षण दल' झालं. पंतप्रधान योशिदा यांचा हिशोब रोखठोक होता : पहारा अमेरिकेने करावा, आम्ही कारखाने उभे करतो. इथपर्यंत तुझं म्हणणं शंभर टक्के खरं.

पण मग स्वार्थ बदलला की वागणंही बदलायला हवं. तिथे गाडी अडते.

१९९०-९१ चं आखाती युद्ध घे. जपानचं बहुतेक तेल आखातातून येतं. अमेरिकेचा धोशा होता की माणसं पाठवा. निव्वळ स्वार्थाने चालणाऱ्या देशाने दोन जहाजं पाठवून प्रश्न मिटवला असता. टोकियोतल्या सरकारने तसं विधेयक आणलंही, पण संसदेत ते बारगळलं. शेवटी सरकारने जादा कर बसवून पैसे दिले, तेही १३ अब्ज डॉलर. युद्ध संपल्यावर कुवेतने अमेरिकी वृत्तपत्रांत मदत करणाऱ्या देशांचे आभार मानणारी जाहिरात दिली. त्या यादीत जपान नव्हता. हा अपमान जपानच्या परराष्ट्र खात्यातली माणसं आजही विसरलेली नाहीत. सुरुंग काढणारी जहाजं गेली ती एप्रिल १९९१ मध्ये, लढाई संपल्यावर.

पुढे २००४. इराकमध्ये समावा नावाच्या गावी जपानचे सुमारे ६०० सैनिक गेले. काम काय, तर पाणी शुद्ध करणं, रस्ते, शाळांची डागडुजी. आणि त्यांच्या भोवती पहारा आधी डच सैनिकांचा, मग ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन सैनिकांचा! सैन्याला राखायला दुसऱ्यांचं सैन्य. कारण जपानच्या कायद्याने त्यांना फक्त 'बिगर-लढाई क्षेत्रात' राहायची मुभा होती. हे क्षेत्र नेमकं कोणतं, असं संसदेत विचारल्यावर पंतप्रधान कोइझुमी म्हणाले की स्वसंरक्षण दल जिथे आहे ते बिगर-लढाई क्षेत्र. मी तेव्हा हिरोशिमात होते. बातम्यांत हे उत्तर ऐकून शेजारचे आजोबा हसले नाहीत, मीच हसले. ते म्हणाले, हे असं बोलावं लागतंय तोवर ठीक आहे.

त्यांचं ते वाक्य मला पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा जास्त कळलं. देशाची ओळख निर्णय घेत नाही. कोणता निर्णय सरकारला उघडपणे सांगता येईल, हे ती ठरवते. तिच्या पलीकडे जायचं तर सरकारला नवा शब्द शोधावा लागतो, कलमाचा नवा अर्थ लावावा लागतो, घटनातज्ज्ञांशी भांडावं लागतं. यात कधी दहा वर्षं जातात, कधी तीस. त्या काळात जे घडलं नाही, तेसुद्धा परराष्ट्र धोरणच.

आता, अमेरिकेने लिहून दिलेल्या कागदाला 'आपली ओळख' कोण म्हणेल? हा तुझा पुढचा प्रश्न असणार. खरं तर कागद मागे राहिला, ओळख लोकांनी केली. १ मार्च १९५४ ला अमेरिकेने बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. 'दाइगो फुकुऱ्यू मारू' नावाच्या जपानी मासेमारी बोटीवर तिची राख पडली. बोटीवर २३ जण होते. त्यांचा बिनतारी संदेश पाठवणारा सहकारी सप्टेंबरमध्ये गेला. ट्यूना मासा दूषित निघाला, बाजारात कोणी हात लावेना. टोकियोच्या सुगिनामी भागातल्या बायकांनी आणि मासळीवाल्यांनी अणुचाचण्यांविरुद्ध सह्या गोळा करायला सुरुवात केली आणि पुढच्या वर्षापर्यंत देशभरातून तीन कोटींहून जास्त सह्या जमल्या. त्याआधी, म्हणजे १९५२ पर्यंत, अमेरिकी अंमलात बॉम्बच्या परिणामांवर लिहायला सेन्सॉरची आडकाठी होती. हिरोशिमा हे तोवर हिरोशिमावाल्यांचं दुःख होतं. घराघरातल्या ताटात विषारी मासा येईल म्हटल्यावर ते सगळ्या देशाचं झालं.

आणि १९६० ला सरकारने याची किंमत मोजली. पंतप्रधान किशी यांनी अमेरिकेशी नवा सुरक्षा करार संसदेत रेटला, विरोधी सदस्यांना पोलिसांकरवी बाहेर काढून. लाखो माणसं रस्त्यावर उतरली, एक विद्यार्थिनी मेली, अमेरिकेचे अध्यक्ष आयझेनहॉवर यांचा दौरा रद्द झाला. करार टिकला, किशी गेले. त्यांच्यानंतर आलेले इकेदा दहा वर्षांत उत्पन्न दुप्पट करण्याबद्दल बोलू लागले. कलम ९ ला हात घालायचा नाही, हा धडा सत्ताधारी पक्षाने पुढे बरीच वर्षं गिरवला. योशिदांचा हिशोब असा लोकांच्या भीतीत मुरला आणि मग तो हिशोब राहिला नाही.

परीक्षेत लिहिताना स्वार्थ आणि ओळख अशा दोन रकान्यांची आखणी करू नकोस. तेल हा जपानचा स्वार्थ होता हे दोन्ही बाजूंना मान्य होतं. तेलासाठी आपण काय करणारी माणसं आहोत, यावर वाद होता.

१९९८ मध्ये आपण पोखरणला चाचण्या केल्या तर जपानने आपली मदत रोखली. स्वतः मात्र अमेरिकेच्या अणुछत्राखाली, म्हणजे तिच्या अण्वस्त्रांच्या संरक्षणात, निवांत बसलाय. याला तुम्ही 'ओळख' म्हणता? आम्ही याला दुटप्पीपणा म्हणतो.
— एक निवृत्त बँक कर्मचारी, नाशिक

दुटप्पीपणा आहेच. मी नाकारत नाही. उलट तुमच्या हातात आणखी दारूगोळा देते.

डिसेंबर १९६७ मध्ये पंतप्रधान एइसाकु सातो यांनी संसदेत तीन तत्त्वं सांगितली : अण्वस्त्रं बाळगणार नाही, बनवणार नाही, देशात आणू देणार नाही. त्यांना १९७४ चं शांततेचं नोबेल मिळालं. अमेरिकेच्या ताब्यातली ओकिनावा बेटं परत मिळवताना, गरज पडल्यास अमेरिकेने तिथे अण्वस्त्रं पुन्हा आणावीत असा गुप्त लेखी समझोता त्यांनी १९६९ मध्ये निक्सन यांच्याशी केला होता. तो कागद त्यांच्या घरच्यांकडे होता. २००९ मध्ये बाहेर आला. २०१० मध्ये परराष्ट्र खात्याने नेमलेल्या समितीने अण्वस्त्रधारी अमेरिकी जहाजं जपानच्या बंदरांत येताना केलेल्या डोळेझाकीलाही दुजोरा दिला. म्हणजे तीन तत्त्वांपैकी तिसरं कागदावरच होतं.

पण हा कागद चाळीस वर्षं लपवून का ठेवावा लागला? फ्रान्सला अण्वस्त्रं लपवावी लागत नाहीत. आपणही १९९८ ला पेढे वाटले. जपानचा पंतप्रधान जी गोष्ट मतदारांसमोर बोलूच शकत नव्हता, तीच मला जपानची ओळख वाटते. ढोंग करावं लागतं ते कोणाच्या तरी धाकाने. इथे धाक सुगिनामीच्या त्या बायकांचा होता.

आता १९९८. चाचण्या झाल्याबरोबर जपानने नवी कर्जं आणि अनुदानं गोठवली. सुरक्षा परिषदेतल्या निषेधाच्या ठरावातही जपान पुढे होता. सैन्य पाठवून राग दाखवण्याची सोय नसलेल्या देशाकडे रागाचं साधन एकच उरतं, ते म्हणजे कर्ज. त्याचं प्रेमही कर्जातूनच येतं. येनमधलं पहिलं कर्ज जपानने दिलं ते भारताला, १९५८ मध्ये. अजिंठा-वेरूळच्या जतनाचा प्रकल्प, मुंबईची कुलाबा-सीप्झ भुयारी मेट्रो, शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू, मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेन, पुण्याच्या मुळा-मुठेची सफाई, या सगळ्यात जपानी कर्ज आहे. आपल्याकडे लोक याला 'जपानची उदारता' किंवा 'जपानची बाजारपेठ' म्हणतात. त्यात दोन्ही असेल. पण तोफा न ठेवता जगात वजन ठेवायचा हा मार्ग त्यांनी विचारपूर्वक घेतला होता.

ही बंदी ऑक्टोबर २००१ मध्ये उठली. भारताने अण्वस्त्रं सोडली म्हणून उठली का? छे! ११ सप्टेंबरनंतर जग बदललं आणि चीन डोळ्यात खुपू लागला. इथे स्वार्थ जिंकला. पण जिंकतानाही त्याला टोल भरावा लागला. अणुऊर्जा सहकार्याची बोलणी २०१० मध्ये सुरू झाली, २०११ च्या फुकुशिमा दुर्घटनेनंतर रखडली, हिरोशिमा आणि नागासाकीच्या महापौरांनी हरकत घेतली, आणि करारावर सही झाली ती ११ नोव्हेंबर २०१६ ला. अमेरिकेने आपल्याशी असा करार २००८ मध्येच केला होता. शिवाय जपानने वेगळी टीप जोडून घेतली, जिच्यात चाचण्या न करण्याच्या भारताच्या २००८ च्या निवेदनाचा उल्लेख आहे. भारताने पुन्हा चाचणी केली तर सहकार्य थांबेल, असं जपानचं सरकार जपानच्या संसदेला सांगत राहिलं.

आणि नाशिककर, थोडं आपलंही आठवूया. बिकिनीच्या त्या चाचणीनंतर महिनाभरात, २ एप्रिल १९५४ ला, अणुचाचण्या थांबवा असं लोकसभेत उभं राहून म्हणणारे नेहरू होते. ती आपली तेव्हाची ओळख. तिच्यापासून पोखरणपर्यंत आपण कसे आलो, याचा हिशोब आपण जपान्यांइतका अवघडून कधी मांडला नाही.

जपानी लोक शिस्तप्रिय आणि विनम्र असतात. त्यांच्या परराष्ट्र धोरणात हे गुण दिसतात का?
— एक वाचक, चंद्रपूर

नाही. लोकल वेळेवर येणं आणि परराष्ट्र धोरण यांचा काही संबंध नाही. १९३७ मध्ये चीनमधल्या नानजिंगमध्ये घुसून अत्याचार करणारं जपानी सैन्यही शिस्तीचंच समजलं जात होतं. स्वभाव आणि राष्ट्रीय ओळख या वेगळ्या गोष्टी आहेत. ओळख म्हणजे 'आपलं काय झालं आणि आपण कोणाचं काय केलं' याची देशाने मान्य केलेली गोष्ट, आणि या गोष्टीत काय वगळलंय ते आधी बघावं.

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यात न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनी एकट्याने जपानची बाजू घेतली. जपानी लोक ते विसरलेले नाहीत, यासुकुनीत त्यांचं स्मारक आहे. भारत-जपान मैत्रीचा खरा पाया हाच, असं मी विद्यार्थ्यांना सांगत आलो. आपलं मत?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, रत्नागिरी

सर, स्मारक आहे हे खरं, २००५ मध्ये उभं राहिलं. पण ते कोणी उभारलं आणि कुठे, हे मुलांना सांगायला हवं. यासुकुनी हे युद्धात मेलेल्या सुमारे साडेचोवीस लाख माणसांचं देवस्थान. १९७८ मध्ये तिथे 'अ' वर्गाच्या, म्हणजे युद्धाचा कट रचल्याचा ठपका असलेल्या, १४ युद्धगुन्हेगारांची नावं समाविष्ट झाली. सम्राट हिरोहितो १९७५ नंतर तिथे गेले नाहीत आणि त्यांच्या मुलाने, नातवानेही सम्राट म्हणून पाय ठेवलेला नाही. जपानचा पंतप्रधान तिथे गेला की बीजिंग आणि सोल पेटतात. अशा जागेत पाल यांचं स्मारक आहे.

पाल यांचं म्हणणं काय होतं? खटला जेत्यांनी चालवलाय आणि गुन्ह्याची व्याख्या गुन्हा घडून गेल्यावर केलीय, म्हणून आरोपी कायद्याने दोषी ठरत नाहीत. नानजिंगमधले अत्याचार झालेच नाहीत असं त्यांनी लिहिलेलं नाही. उलट पुरावा भरपूर आहे असं म्हटलंय. यासुकुनीकडे जाणारी मंडळी त्यांचं पहिलं म्हणणं उचलतात, दुसरं ठेवून देतात. आपणही तेच करतो, फक्त आपण न वाचता करतो.

२००७ मध्ये शिंझो आबे भारतात आले, आपल्या संसदेत त्यांनी दोन महासागरांच्या संगमाचं भाषण केलं आणि मग कोलकात्याला पाल यांच्या मुलाला भेटायला गेले. कृतज्ञता? असेलही. पण आबे हे वर उल्लेख आलेल्या किशींचे नातू, मुलीचे चिरंजीव. किशी 'अ' वर्गाचे संशयित म्हणून तीन वर्षं तुरुंगात होते, खटला न चालता सुटले आणि पुढे पंतप्रधान झाले. त्यामुळे आबेंच्या लेखी पाल हा घरातलाही विषय होता.

गंमत म्हणजे पाल हिरोशिमालाही गेले होते, नोव्हेंबर १९५२ मध्ये. तिथल्या स्मृतिशिळेवर कोरलंय : शांतपणे विसावा, आम्ही ही चूक पुन्हा करणार नाही. पाल यांनी ते समजून घेतलं आणि ते रागावले. बॉम्ब जपान्यांनी टाकला नाही, मग चूक कोणाची? हा मजकूर लिहिणारे हिरोशिमा विद्यापीठातले प्राध्यापक स्वतः बॉम्बमधून वाचलेले होते. त्यांनी पाल यांना कळवलं की 'आम्ही' म्हणजे अख्खी माणूसजात. सत्तर वर्षांनीही हा वाद पुरता मिटलेला नाही. एका जपानची राजधानी हिरोशिमा आहे, दुसऱ्याची यासुकुनी, पाल दुसऱ्याचे. आणि हिरोशिमाचा जपानही वाटतो तितका धुतलेला नाही. १८९४ च्या चीनविरुद्धच्या युद्धात सम्राटाचं मुख्यालय याच शहरात होतं, इथल्याच उजिना बंदरातून फौजा जायच्या. बॉम्बमध्ये मेलेल्या कोरियन लोकांचं स्मारक १९७० मध्ये झालं ते शांतता उद्यानाच्या बाहेर; आत यायला १९९९ उजाडलं.

माझ्या हिरोशिमातल्या शेजारणींपैकी एकीनेही पाल यांचं नाव ऐकलं नव्हतं. इंदिरा मात्र सगळ्या वयस्क बायकांना माहीत होती. युद्धात उएनो प्राणिसंग्रहालयातले हत्ती उपाशी मारले गेले. पुढे टोकियोच्या मुलांनी नेहरूंना पत्रं लिहिली आणि १९४९ मध्ये नेहरूंनी हत्तीण पाठवली, तिचं नाव इंदिरा. मैत्रीचा पाया शोधायचाच असेल तर मी हत्तिणीपासून सुरुवात करेन. नंतर १९५१ चा जपानबरोबरचा सॅन फ्रान्सिस्कोचा शांतता करार : भारत त्या परिषदेला गेलाच नाही, जून १९५२ मध्ये जपानशी वेगळा करार केला आणि नुकसानभरपाई सोडून दिली. ही पाल यांच्या निकालापेक्षा सरकारी आणि ठोस गोष्ट आहे, आणि शाळेत शिकवायला सोपीही.

ताई, माझा मुलगा ओसाकात नोकरी करतो. जपान सैन्य वाढवतोय, तैवानवरून चीनशी वाजणार, असं रोज मोबाईलवर येतं. जपान पुन्हा पूर्वीसारखा होईल का? मुलाला परत बोलावू का?
— एक आई, डोंबिवली

बोलावू नका. जपानमध्ये सक्तीची भरती नाही, परदेशी माणसाला तर सैन्यात घेतच नाहीत. स्वसंरक्षण दलाला स्वतःच्या मंजूर जागा भरायला तरुण मिळत नाहीत, हे त्यांचं रडगाणं आहे. मुलाला विचारायचंच तर भूकंपाची पिशवी भरून दारापाशी ठेवलीय का ते विचारा.

बाकी प्रश्न खरा आहे. डिसेंबर २०२२ मध्ये जपानने पाच वर्षांत ४३ लाख कोटी येन संरक्षणावर खर्च करायचं ठरवलं. १९७६ पासून असलेली राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याची मर्यादा पंतप्रधान नाकासोने यांनी १९८७ मध्ये जेमतेम ओलांडली होती, तरी प्रत्यक्ष खर्च एक टक्क्याच्या आसपासच राहिला. २०२२ मध्ये लक्ष्य ठरलं दोन टक्के. अमेरिकेकडून ४०० पर्यंत टॉमहॉक क्षेपणास्त्रं, शत्रूच्या तळावर मारा करण्याची मुभा. आणि हे करणारे तेव्हाचे पंतप्रधान कोण? फुमिओ किशिदा, हिरोशिमा शहराच्याच मतदारसंघातून निवडून येणारे. पुढच्या मे महिन्यात त्यांनीच जी-७ च्या नेत्यांना हिरोशिमाच्या संग्रहालयात नेलं. मला यात ढोंग दिसत नाही. एकाच माणसाला दोन्ही करावं लागलं, एवढंच.

हे एका रात्रीत झालेलं नाही. १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत सैनिक पाठवण्याचा कायदा आला, तेव्हा विरोधक मतपेटीपर्यंत बैलाच्या चालीने, तासन्‌तास चालत गेले होते. जुलै २०१४ मध्ये आबेंच्या मंत्रिमंडळाने कलम ९ चा अर्थ बदलला, शब्द तेच ठेवून : मित्रदेशावर हल्ला झाला आणि जपानचं अस्तित्व धोक्यात आलं तर लढता येईल. २०१५ मध्ये त्याचा कायदा झाला. संसदीय समितीपुढे आलेले तिन्ही घटनातज्ज्ञ म्हणाले की हे घटनाबाह्य आहे, त्यातल्या एकाला खुद्द सत्ताधारी पक्षाने बोलावलं होतं! तुमच्या मोबाईलवरचा तैवानचा गदारोळ त्या कायद्यातूनच आलाय. नोव्हेंबर २०२५ मध्ये नव्या पंतप्रधान साने ताकाइची संसदेत म्हणाल्या की तैवानवर युद्धनौकांनिशी बळाचा वापर झाला तर ती 'अस्तित्वाला धोका' असलेली परिस्थिती ठरू शकते. चीनने आपल्या नागरिकांना जपानला जाऊ नका असं सांगितलं. त्या कायद्याचा अर्थ जाणकारांना आधीपासून ठाऊक होता. पंतप्रधानाने तो मोठ्याने म्हटल्यावर स्फोट झाला.

हिरोशिमाहून लोकलने तासाभराच्या आत कुरे लागतं. जुनं नौदलाचं गाव. मी तिथे असतानाच, २००५ मध्ये, 'यामातो' या महाकाय युद्धनौकेचं संग्रहालय उघडलं. नौकेची एक-दशांश प्रतिकृती पाहायला शनिवार-रविवारी झुंबड असे. शांतता उद्यानात हात जोडणारेच लोक दुसऱ्या दिवशी नातवंडांना तिथे घेऊन जात. आज त्याच बंदरात 'कागा' उभी असते, २४८ मीटर लांब, वर सपाट डेक, आणि तिच्यावर एफ-३५बी विमानं उतरवायची तयारी चालू आहे. जुनी 'कागा' पर्ल हार्बरवर चाल करून गेली होती. नवीला विमानवाहू नौका म्हणत नाहीत, सरकारी कागदात ती 'विनाशिका'. समावातल्या 'बिगर-लढाई क्षेत्रा'चीच ही बहीण.

पूर्वीसारखा जपान? मला वाटत नाही. १९३० च्या दशकात लष्कर सरकारचं ऐकत नव्हतं. आजच्या दलाला लोकांनी स्वीकारलं ते २०११ च्या त्सुनामीत, एक लाख सैनिक चिखलातून प्रेतं उचलत होते तेव्हा. आजही घटनेचं एक अक्षर बदललेलं नाही. बदलायचं तर दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत आणि वर सार्वमत लागतं. असं देशव्यापी सार्वमत आजवर एकदाही झालेलं नाही, आणि हरण्याच्या भीतीने कोणी घेतही नाही.

एका देशाची एकच ओळख असते का? आम्हा गोव्याच्या लोकांना हा प्रश्न पडतो.
— एक प्राध्यापिका, मडगाव

नसते. जपानमध्ये याचं उत्तर ओकिनावात मिळतं. १८७९ पर्यंत ते र्‍युक्यूंचं वेगळं राज्य होतं. १९४५ च्या लढाईत तिथला दर चौघांतला एक माणूस मेला. त्यातल्या अनेकांना जपानी सैन्यानेच गुहांतून हाकललं होतं किंवा मरायला भाग पाडलं होतं. २००७ मध्ये शिक्षण खात्याने पाठ्यपुस्तकांतून सैन्याचा हा वाटा गाळायला सांगितला तेव्हा ओकिनावात प्रचंड मोर्चा निघाला. मुख्य भूमीवरच्या शांततावादाची गोष्ट 'आमच्यावर बॉम्ब पडला' इथून सुरू होते. ओकिनावाची गोष्ट 'आमच्याच सैन्याने आम्हाला वाचवलं नाही' इथून.

आणि शांततावादी जपानचा पहारा करणारी अमेरिका राहते कुठे? ओकिनावाकडे देशाची ०.६ टक्के जमीन आहे, आणि केवळ अमेरिकी सैन्याच्या वापरासाठी असलेल्या तळांच्या जमिनीपैकी सुमारे ७० टक्के तिथे आहे. १९७२ मध्ये ते जपानला परत मिळालं, तळ राहिले. हेनोको इथल्या नव्या तळासाठी समुद्रात भराव घालावा का, यावर फेब्रुवारी २०१९ मध्ये तिथे सार्वमत झालं आणि ७२ टक्के मतं विरोधात पडली. भराव थांबला नाही. राज्यपालांनी आराखड्यातला बदल मंजूर करायला नकार दिला तेव्हा डिसेंबर २०२३ मध्ये टोकियोने त्यांच्या वतीने स्वतःच सही करून टाकली आणि जानेवारी २०२४ मध्ये ओउरा उपसागरात काम सुरू केलं.